थांबण्याचा पगार

वणीहून वरोऱ्याकडे निघालं की पाटाळ्याला वर्धा नदी ओलांडावी लागते. पावसाळ्यात नदी फुगली की हा रस्ता बंद होतो आणि वणीचा एक दरवाजा लागतो. पाणी ओसरल्यावर काठावरचा एखादा ढिवर डोंगा घेऊन पलीकडे जाताना नीट पाहावा. समोरच्या घाटावर उतरायचं असेल तर तो डोंग्याचं तोंड घाटाकडे कधीच धरत नाही. तो वरच्या अंगाला, प्रवाहाच्या विरुद्ध, तिरपं धरतो. प्रवाह त्याला खाली ओढतो, तो वर सरकत राहतो आणि दोघांच्या ओढाताणीतून डोंगा बरोबर घाटाला लागतो. हे गणित ज्याच्या अंगात मुरलं आहे त्याला टगबोटीच्या कप्तानाचं काम समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. फरक एवढाच की कप्तानाच्या दोराला दुसऱ्या टोकाला दीड-दोन लाख टनांचं जहाज बांधलेलं असतं.

वणीत बसून समुद्राच्या नोकरीबद्दल लिहिणं जरा विचित्र वाटेल. (हे वणी यवतमाळ जिल्ह्यातलं. सप्तशृंगीचं वणी नाशिककडे. पत्रं अजूनही चुकतात.) मुंबईचा समुद्र इथून सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. बंगालचा उपसागर त्यापेक्षा जवळ पडतो, आणि आपलं पाणीही तिकडेच जातं. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात समुद्र गाठते. माणसांनी मात्र ही वाट क्वचितच धरली. १८८० साली वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे १९४३ ते १९४७ या काळात भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला होते. समुद्रापलीकडे नेमणूक मिळालेला वणीकर म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच आठवतं. इथल्या पोरांची धाव नागपूर, पुणे आणि फार तर वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसा खाणीपर्यंत. पण पाळीची नोकरी, कायम आणि कंत्राटी यांच्यातली दरी, नोकरी लावून देणारे दलाल, या गोष्टी वणीला पाठ आहेत, आणि टगच्या नोकरीचा निम्मा भाग याच गोष्टींचा आहे.

आधी टग म्हणजे काय ते पाहू. मोठं जहाज खोल समुद्रात ऐटीत चालतं, पण बंदरात शिरताच पांगळं होतं. त्याचा वेग कमी झाला की सुकाणूवरून वाहणारं पाणी कमी होतं, आणि पाणी कमी झालं की सुकाणू ऐकत नाही. ब्रेक तर त्याला नसतोच. अशा वेळी त्याला ढकलायला, ओढायला, रोखून धरायला लहान पण दांडग्या बोटी लागतात. त्या टग. मराठी कोशात ‘कर्षनौका’ असा शब्द सापडतो, पण धक्क्यावर तो कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही.

टगची ताकद मोजायची रीत मोठी साधी आहे. टगचा दोर किनाऱ्यावरच्या खुंटाला, म्हणजे बोलार्डला, बांधायचा, मध्ये ताण मोजणारं यंत्र बसवायचं आणि इंजिनं पूर्ण जोरात सोडायची. जेवढे टन ताण येईल तेवढी त्या टगची ‘बोलार्ड पुल’. आजच्या चांगल्या बंदरी टगची ही ताकद ५० ते ७० टन असते. आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर कोळशाची मालगाडी आठवा. विजेवरचं डब्ल्यूएजी-९ हे रेल्वे इंजिन ६,००० हून अधिक अश्वशक्तीचं असतं आणि गाडी हलवताना सुमारे ४७ टनांचा जोर लावतं. म्हणजे जी ताकद ५८-५९ वाघिणींचा कोळशाचा रेक उचलते, जवळजवळ तेवढीच तीस मीटर लांबीच्या एका बोटीत ठासून भरलेली असते. रेल्वेच्या इंजिनाला रूळ असतात, इथे खाली पाणीच.

ही ताकद कुठल्या दिशेला लावायची ते खरं कौशल्य. जुन्या टगना मागे एक पंखा आणि एक सुकाणू असे. आजच्या बहुतेक टगांच्या पोटाखाली दोन पंखे असतात आणि प्रत्येक पंखा स्वतःभोवती पूर्ण ३६० अंश फिरतो. दुसरी एक जात व्हॉइथ श्नायडर पद्धतीची. तिच्यात बोटीच्या तळाला उभी पाती असलेली फिरती चकती असते आणि पात्यांचा कोन बदलून जोर हवा तिकडे वळवता येतो. एर्न्स्ट श्नायडर या ऑस्ट्रियन अभियंत्याची ही कल्पना १९२०च्या दशकातली. त्यामुळे आजची टग पुढे-मागे तर जातेच, पण खेकड्यासारखी आडवीही चालते आणि जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते. कप्तानाच्या दोन्ही हातांत दोन मुठी, प्रत्येक मूठ एका पंख्याची. डावा हात एका दिशेला आणि उजवा भलत्याच दिशेला. नवशिक्याला तबल्याचा ठेका धरताना जी अडचण येते तीच ही.

आता प्रत्यक्ष काम. कंटेनर जहाज न्हावाशेव्याकडे येतं आहे असं समजा. हे बंदर १९८९ पासूनचं, मुंबईच्या समोरच्या तीरावर. बंदराचा पायलट आधीच शिडीने जहाजावर चढलेला असतो. जहाजाला कुठे, किती वेगाने न्यायचं ते तो सांगतो, आणि टगांनाही हुकूम त्याचाच. एक टग जहाजाच्या नाकाशी, एक शेपटाशी, गरजेप्रमाणे आणखी एखादी कुशीला. जहाजावरचे खलाशी वजन बांधलेला हलका दोर खाली फेकतात, टगवरचा माणूस तो पकडून आपल्या मोठ्या दोराला बांधतो, आणि मोठा दोर वर ओढून घेतला जातो. पूर्वी हे दोर पोलादी असत. आता तेवढ्याच ताकदीचे, पण पोलादाच्या कितीतरी पट हलके आणि पाण्यावर तरंगणारे कृत्रिम धाग्याचे असतात. त्यामुळे दोन माणसं जे काम करतात त्याला पूर्वी निम्मा खलाशीवर्ग लागे.

मग वायरलेसवर हुकूम सुरू होतात. सावकाश ढकल. अर्ध्या जोराने ओढ. थांब. प्रत्येक हुकूम कप्तान तसाच उलट म्हणून दाखवतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. टगच्या काचेतून त्याला दिसते ती फक्त पोलादाची काळी-निळी भिंत, डोक्यावर चार-पाच मजले उंच. धक्का किती दूर आहे ते त्याला बहुतेक वेळा दिसतही नाही. पायलटला भिंत दिसत नाही आणि कप्तानाला धक्का दिसत नाही, आणि या दोघांच्या बोलण्यावर हजारो कंटेनर अलगद टेकतात. अर्धा-पाऊण तास, कधी दोन तास. त्यानंतर दोर सुटतो, टग आपल्या जागी परत जाते आणि कप्तान पुन्हा वाट पाहू लागतो.

या अर्ध्या तासात मरण फार जवळ असतं. त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध मरण म्हणजे गर्टिंग. बैलगाडी उतारावर बैलांच्या पुढे जायला लागली आणि बैल आडवे सापडले तर जू त्यांना मुरगाळून पाडतं. तसंच जहाज टगच्या पुढे गेलं आणि दोराचा ताण टगच्या कुशीवर आला, तर टग आडवी ओढली जाऊन काही सेकंदांत उलटते. आत झोपलेल्या माणसाला वर यायला वेळ मिळत नाही. म्हणून दोर झटकन सोडून देणारं बटण कप्तानाच्या हाताशी असतं, आणि दोर बांधलेला असताना दारं-झडपा बंद ठेवायच्या असा नियम असतो. उकाड्यात दारं उघडी राहतात ही गोष्ट वेगळी.

बंदराबाहेरची टग आणखी निराळी. ती तेलविहिरींजवळच्या तराफ्यांना, बार्जना ओढते, नांगर टाकते आणि उचलते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, आणि त्याच वादळात वरप्रदा नावाची टगही गेली. टगवरच्या १३ जणांपैकी दोघे वाचले. दोन्ही मिळून ८६ माणसं गेली. समुद्रातल्या पगाराचा आकडा ऐकताना हाही आकडा शेजारी मांडून ठेवावा.

टगची किंमत टग नसतानाच कळते, याचं ताजं उदाहरण अमेरिकेतलं. २६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ हे जहाज निघालं. दोन टगांनी त्याला धक्क्यावरून बाहेर काढलं, वाटेला लावलं आणि रिवाजाप्रमाणे त्या परतल्या. थोड्याच वेळात जहाजावरची वीज गेली आणि ते वाहत जाऊन पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला, त्यावर डागडुजी करणारे सहा मजूर दगावले. जहाजावरचे जवळपास सगळे खलाशी भारतीय होते. टग आणखी काही मैल सोबत असत्या तर काय झालं असतं, यावर तिकडे अजून वाद चालू आहे. टगचं भाडं मात्र कुणाला तरी भरावं लागतं, आणि वाद शेवटी तिथेच अडतो.

आता वेळापत्रक. खाणीतली पाळी घड्याळावर चालते, टगची चंद्रावर. मोठ्या जहाजाला तळाखाली पुरेसं पाणी हवं म्हणून ते बहुधा भरतीच्या सुमाराला आत घेतात, आणि भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. कोकणातल्या कोळ्यांचा एक हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री. मुंबईच्या परिसराला हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. म्हणजे आज सकाळी सहाला काम असेल तर चार दिवसांनी ते नऊला आणि रात्रीचं काम साडेनऊच्या सुमाराला. शरीराला सवय लागते न लागते तोच वेळ बदलते. आपल्याकडे रात्रपाळी निदान आठवडाभर रात्रीच असते.

रचना जागेजागेप्रमाणे वेगळी. काही बंदरांत टगचे कर्मचारी चोवीस तास बोटीवर आणि मग एक-दोन दिवस घरी. बऱ्याच खासगी टगांवर माणसं महिना, दोन महिने बोटीवरच राहतात आणि मग सुट्टीवर जातात. बोटीवर असताना सहा तास काम, सहा तास आराम ही पाळी जगभर चालते. कागदावर आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आणि ती फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक तुकडा सहा तासांचा. सात दिवसांत किमान ७७ तास. सागरी कामगारांचा २००६ चा जागतिक करार भारताने २०१५ साली मान्य केला, पण फक्त बंदराच्या हद्दीत फिरणाऱ्या टगना तो लागू होतोच असं नाही. एका अर्थी टग ना धड जहाज, ना धड किनाऱ्यावरचं यंत्र.

आणि या सगळ्या तासांत प्रत्यक्ष ओढा-ढकल किती? चोवीस तासांत चार-पाच कामं झाली तर दिवस भरगच्च. उरलेला वेळ इंजीन तपासणं, दोर तपासणं, नोंदवही, रंगकाम, आणि वाट पाहणं. पण हा रिकामा वेळ नव्हे. वायरलेस चालू, माणसं बुटांनिशी आडवी. बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. वरण एकदा उकळून तीनदा गरम करायची त्याची तयारी असते. सारंग, तांडेल, सुकाणी, तेलवाला हे शब्दही त्याच जुन्या खलाशी बोलीतले, आणि सारंग व तांडेल तर कोकणात आडनावं होऊन बसली. टगच्या मालकाला पैसे मिळतात ते ओढण्याचे, पण माणसांना तो पगार देतो तो बहुतांशी तयार राहण्याचा. अग्निशमन दलासारखं. हे ज्यांना झेपत नाही ते वर्षभरात सोडून जातात; लाटांमुळे सोडणारे त्या मानाने कमी.

पगाराकडे वळताना वणीकराने आपलीच जागा आठवावी. वेकोलित कायम कामगाराचं वेतन कोळसा उद्योगाच्या राष्ट्रीय करारातून ठरतं. अकरावा करार २०२३ साली झाला. त्याच खाणीत माती काढणाऱ्या कंत्राटदाराच्या डंपरवर बसलेल्या ड्रायव्हरला त्यातलं काही मिळत नाही. बंदरांतही हुबेहूब हेच. मोठ्या सरकारी बंदरांचे कायम कर्मचारी वेतनश्रेणी, महागाई भत्ता, निवृत्तीचे लाभ यांचे धनी. त्यांचाही नवा वेतन करार २०२४ साली झाला. पण बंदरांनी टग भाड्याने घ्यायला सुरुवात केल्यापासून बऱ्याचशा टगांवरची माणसं कंत्राटी आहेत. अशा टगवरच्या कप्तानाचा महिना आज लाखाच्या अलीकडे-पलीकडे फिरतो. प्रमाणपत्र वरच्या दर्जाचं आणि टग समुद्रात काम करणारी असेल तर पलीकडे, सारंगाच्या खालच्या परवान्यावर असेल तर बराच अलीकडे.

या आकड्याला दोन कलमं जोडून वाचावीत. पहिलं, कंत्राटी माणसाला पगार बहुधा बोटीवर पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंतचाच. दोन महिने काम, एक महिना घरी असेल तर लाखाचे वर्षाचे आठ होतात, बारा नव्हे. दुसरं कलम प्राप्तिकराचं. परदेशी जाणाऱ्या जहाजावरचा माणूस वर्षात पुरेसे दिवस देशाबाहेर राहिला तर अनिवासी ठरतो आणि त्याच्या त्या कमाईवर इथे कर लागत नाही. न्हावाशेव्याच्या टगवरचा कप्तान समुद्रावर असूनही देशातच असतो. त्याला वणीच्या मास्तरांसारखाच कर. म्हणून आखाती देशांतल्या बंदरांतल्या टगांची ओढ मोठी.

अमेरिकेत बोटींचे कप्तान, मेट (दुय्यम अधिकारी) आणि पायलट यांचं मधलं वार्षिक वेतन ८० ते ९० हजार डॉलरच्या दरम्यान आहे, आणि दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी ही रचना तिकडे सर्रास. ती नोकरी मात्र तिथल्या नागरिकांसाठी राखलेली असते, तेव्हा आकडा ऐकून घ्यावा आणि पुढे जावं. जगभरच्या अनुभवी, ‘एबल’ दर्जाच्या खलाशासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठरवलेलं किमान मूळ वेतन २०२५ साली महिना ६७३ डॉलर होतं. आपला मुलगा सुरुवात कुठून करेल याचा अंदाज त्यावरून बांधावा.

सुरुवातीच्या वाटा दोन-तीन. दहावीनंतर सहा महिन्यांचा खलाशी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, जीपी रेटिंग. बारावी भौतिक-रसायन-गणित घेऊन चांगल्या गुणांनी झाली असेल तर भारतीय सागरी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून नॉटिकल सायन्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग दीड वर्ष जहाजावर शिकाऊ आणि नंतर सेकंड मेटची लेखी आणि तोंडी परीक्षा. तिसरी वाट खाडी-नदीतल्या बोटींवरून. तिथे अनुभव मोजून सारंग, मग मास्टर असे परवाने मिळतात, आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यापासून ते देशभर चालतात. कुठल्याही वाटेने गेलं तरी टगची मूठ हातात यायला सहा-आठ वर्षं सहज जातात. सागरी परवाना खिशात असलेला हुशार अधिकारी टगवर आला की पहिले काही महिने तोही शेजारी उभा राहून बघतो.

पण या सगळ्याच्या आधी, शंभर-दोनशे रुपयांत उरकणारी एक गोष्ट करावी. वणीतल्याच नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन रंगांधळेपणाची तपासणी. रात्री समुद्रावर समोरच्या बोटीची तांबडी बाजू दिसते की हिरवी, यावर ती कुठे चालली ते कळतं. ज्याला हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्याला डेकवर जागा नाही. लाखांची फी भरून मुंबईत पोचल्यावर हे कळलेल्या मुलाचं तोंड पाहवत नाही. मी पाहिलं आहे.

आणि दलाल. खाणीत जमीन गेल्यावर नोकरी लावून देतो म्हणणारे आपण पाहिलेले आहेत. त्यांचे समुद्री भाऊबंद मोठ्या शहरांत कार्यालयं थाटून बसलेले असतात. चार लाख द्या, सीडीसी काढून देतो, जहाज पक्कं. सीडीसी म्हणजे खलाशाची सरकारी नोंदपुस्तिका. ती मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं अजिबात नाही. मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या यादीत मान्यताप्राप्त संस्थांची नावं असतात आणि खलाशी भरती करणाऱ्या परवानाधारक कंपन्यांचीही. कंपनीचा आरपीएसएल, म्हणजे भरतीच्या परवान्याचा, क्रमांक विचारायचा आणि यादीत ताडून पाहायचा. नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला नियमाने बंदी आहे. जो मागतो तो तिथेच उघडा पडतो.

१८०३ साली स्कॉटलंडच्या कालव्यात ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या बोटीने ७० टनांचे दोन पडाव ओढून नेले, तिथून टगची गोष्ट सुरू होते, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं ही जात कोळशावरच जगली. मग डिझेल आलं. आता केंद्र सरकारने २०२४ साली हरित टगची योजना आणली आहे. न्हावाशेव्यासह चार मोठ्या बंदरांनी पहिल्या टप्प्यात बॅटरीवर किंवा तशाच स्वच्छ इंधनावर चालणाऱ्या प्रत्येकी दोन टग घ्याव्यात असं ठरलं. न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात ७० टन ताकदीची अशी एक टग २०२२ पासून आहे. जुने कप्तान बॅटरीला नाकं मुरडतात, पण एका बाबतीत ही नवी टग त्यांच्या पेशाला चपखल बसते: दोन जहाजांच्या कामांमधल्या वेळात ती धक्क्याला वायर लावून थांबते, आणि थांबणं तर त्यांना येतंच. त्या वायरीतली वीज राज्याच्या जाळ्यातून येईल, त्या जाळ्यात चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची २,९२० मेगावॅट क्षमता जोडलेली आहे, आणि तिथल्या भट्ट्यांत वेकोलिचा कोळसा जळतो. उकणी, कोलारपिंपरीच्या खाणींकडच्या ट्रकांनी धुळीने माखलेल्या रस्त्यावर राहणाऱ्याने हे ऐकून हसावं की खोकावं ते त्याचं त्याने ठरवावं.